अडीचशे मीटर बाकी!

पहाटेचे चार. एरवी या वेळी आपण एक तर डेडलाइनसाठी जागत असतो, नाहीतर गजर बंद करून कूस बदलत असतो. त्या दिवशी मात्र मी सुमारे ४,९०० मीटर उंचीवर, कपाळाला टॉर्च बांधून, गारठलेल्या बोटांनी बुटाच्या नाड्यांशी झटत होते. बाहेर वारा असा, की लॉजचा पत्रा धडाधड वाजत होता.

नेपाळमधला अन्नपूर्णा सर्किट. या ट्रेकची परीक्षेची जागा म्हणजे थोरोंग ला ही खिंड. उंची ५,४१६ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे तिपटीहून जास्त! तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच. खिंड ओलांडली की पलीकडे उतरायचं मुक्तिनाथला. एकशे आठ धारांचं मुक्तिनाथ, आणि खाली शाळिग्रामांची काली गंडकी. आजीने तिच्या देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामाचं ‘माहेर’ बघून ये, असं बजावून पाठवलं होतं.

सोबत माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. ती सॉफ्टवेअर कंपनीत. दोन वर्षांच्या रजा साठवून, मॅनेजरच्या हातापाया पडून आलेली. आणि आमचे गाइड दाइ. नेपाळीत दाइ म्हणजे दादा.

‘एवढ्या लवकर कशाला निघायचं?’ आम्ही आदल्या रात्री कुरकुरलो होतो. दाइंनी समजावलं. ऊन चढलं की तिबेटच्या बाजूचं उंच पठार तापतं, खालच्या दऱ्यांमधली हवा वर ओढली जाते आणि काली गंडकीच्या खोऱ्यात दुपारी उभं राहणं मुश्कील होतं. जोमसोमची विमानंसुद्धा म्हणूनच सकाळी उडतात. खिंडीतही दिवस वर येतो तसा वारा वाढतो. त्याच्या आधी पलीकडे उतरलेलं बरं.

त्या दिवशी वाऱ्याने उजाडायची वाट बघितलीच नाही. दहा पावलं चालायचं, काठीवर रेलायचं, धापा टाकायच्या, पुन्हा दहा पावलं. सुटा बर्फ वाळूसारखा तोंडावर आपटत होता. पाण्याच्या पिशवीची नळी पहिल्या अर्ध्या तासातच गोठली. बोलायचं तर ओरडावं लागत होतं, म्हणून कोणी बोलतच नव्हतं. आणि तिथेच माझी चूक झाली.

कारण मैत्रिणीने आदल्या रात्री दालभाताला हातही लावला नव्हता. ‘डोकं जरा जड आहे,’ एवढंच म्हणाली होती. ते मी ऐकलं होतं आणि दाइंना सांगितलं नव्हतं. का? खरं सांगायचं तर मला खिंडीतला फोटो हवा होता.

उजाडता उजाडता दाइ थांबले. तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘बहिनी, टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चाला.’ ती हसली. चार पावलं टाकली आणि बाजूला कोलमडली. वाऱ्याने असेल म्हणून दाइंनी खडकाच्या आडोशाला पुन्हा चालायला लावलं. पुन्हा तेच.

उंचीच्या त्रासात डोकेदुखी ही पहिली घंटा. पण तोल जायला लागला, बोलणं बरळल्यासारखं झालं, की मेंदूला सूज येत असल्याची शंका घ्यायची आणि तत्काळ खाली उतरायचं. तिथे वाट बघणं जिवावर बेतू शकतं.

‘किती राहिलंय?’ तिने विचारलं. दाइंनी घड्याळावरची उंची बघितली. ‘अडीचशे मीटर.’

‘अगं, एवढंच तर आहे! सांग ना त्यांना!’ ती माझ्यावर ओरडली. मागून एक ग्रुप येत होता. मी त्यांच्याबरोबर पुढे जाऊ शकते, असं दाइ म्हणाले. क्षणभर, हो, क्षणभर माझी पावलं वरच्या दिशेला वळली होती. मग मी तिची सॅक माझ्या खांद्यावर घेतली.

उतरताना वारा समोरून होता. दाइंनी तिचा दंड धरलेला, मी मागून तिच्या जॅकेटला. थोरोंग फेदीला थांबलोच नाही, दुपारी थेट याक खर्का गाठलं. संध्याकाळी तिने लसणाचं सूप मागून घेतलं तेव्हा मी बाहेर जाऊन रडून घेतलं.

जेवताना दाइ २०१४ च्या ऑक्टोबरबद्दल बोलले. हुदहुद चक्रीवादळाचे अवशेष इथवर पोचले होते. बर्फाच्या वादळात आणि हिमप्रपातांत चाळीसहून अधिक माणसं गेली, त्यातली बरीच याच खिंडीच्या आसपास. ‘खिंड कुठे जात नाही,’ एवढंच म्हणाले आणि भात वाढायला लागले.

मुक्तिनाथ राहिलं. परतल्यावर मैत्रिणीच्या ऑफिसात सगळ्यांचा एकच प्रश्न, ‘मग, झालं का पूर्ण?’ ती सरळ ‘नाही’ म्हणते. आजीला मात्र मी सगळं सांगितलं, न सांगितलेल्या डोकेदुखीसकट. ती म्हणाली, ‘माहेर आहे ते. पुन्हा जाता येतं.’

तुम्हाला जायचंय?

- ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. मनांगला एक दिवस जास्तीचा राहा.
- मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं केंद्र आहे. ट्रेकिंगच्या सीझनमध्ये तिथे उंचीच्या त्रासाबद्दल माहिती देतात. ती ऐकाच.
- हेलिकॉप्टरचा खर्च धरणारा विमा काढा.
- रजेत दोन दिवस शिल्लक ठेवा. परत फिरायची हिंमत त्यातूनच येते.
- आणि डोकं दुखलं तर बोला. सोबत्याचं दुखलं तरी बोला.