बदलते हवामान व घोलवडचा चिकू

चिकूचे झाड मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिका ह्या भागातील. महाराष्ट्रात त्याची पहिली लागवड १८९८ साली घोलवड येथे झाली, असे मानले जाते. तेथून ती बोर्डी व डहाणूच्या साऱ्या किनारपट्टीत पसरली आणि २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूस भौगोलिक मानांकनही लाभले. ज्या हवेच्या भरवशावर हे झाड सव्वाशे वर्षे फळत आले, ती हवाच आता पालटू लागली आहे.

ह्याचे कारण थोडक्यात असे. दगडी कोळसा व खनिज तेल जाळल्याने हवेतील कर्बवायू वाढतो. कारखानदारीच्या पूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० भागांहून अधिक आहे. कांबळे पांघरल्याने अंगाची ऊब जशी बाहेर जात नाही, तशी पृथ्वीची उष्णता ह्या वायूमुळे अडून राहते. २०२४ साली पृथ्वीचे सरासरी तपमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक होते. दीड अंश म्हणजे काहीच नाही, असे कोणास वाटेल. परंतु हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते, आणि त्यामुळे पाऊस पडू लागला की तो अधिक जोराचा पडू शकतो. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ ह्या काळात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिप्पट झाल्याचे शास्त्रज्ञांस आढळून आले आहे. अरबी समुद्रही तापत असून त्यातील चक्रीवादळे पूर्वीपेक्षा वाढली आहेत.

भाताचे पीक चार महिन्यांचे. पेरणी पुढेमागे करून किंवा हळवे वाण घेऊन शेतकरी काही अंशी मार्ग काढू शकतो. चिकूचे तसे नाही. फूल उमलल्यापासून फळ तयार होण्यास आठ ते दहा महिने लागतात आणि झाडावर फुले, कोवळी फळे व तयार फळे बहुधा एकाच वेळी असतात. त्यामुळे वर्षातील कोणतीही अवकाळी आपत्ती येवो, तिच्या तडाख्यात सापडणारे फळ झाडावर असतेच. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळामुळे ऐन हिवाळ्यात पाऊस झाला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ ह्या किनाऱ्यासमोरून गेले. नुसता पावसाळा लांबला तरी नुकसान होते. एखाद्या वर्षीच्या एकाच पावसाचा दोष सर्वस्वी हवामानबदलास देणे शास्त्रास धरून होणार नाही. पण असे प्रसंग वारंवार येऊ लागले, ही गोष्ट बागाईतदाराने हिशेबात धरलीच पाहिजे. फळ गळाले की तोडणी, निवड व भरणीच्या कामावर येणाऱ्या आदिवासी कुटुंबांची मजुरीही बुडते, हे नुकसानीच्या पंचनाम्यात सहसा येत नाही.

संततधार पाऊस व दमट हवा लाभली की बुरशीमुळे फळे कुजून गळतात. जुन्या बागांत हा उपद्रव अधिक, कारण फांद्या एकमेकींत गुंतून ऊन व वारा आत जात नाही. तेव्हा दाटलेल्या फांद्यांची विरळणी करावी व कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावे. गळालेली फळे झाडाखाली राहू देऊ नयेत. ती वेचून बागेबाहेर खोल पुरावीत. बी पोखरणाऱ्या अळीच्या बंदोबस्तासही ह्याचा उपयोग होतो. पावसाळ्यापूर्वी पाणी निघून जाण्यासाठी चर मोकळे करावेत.

पावसाच्या आरंभी व पुढे उघडीप मिळेल तेव्हा एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. त्यासाठी एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना प्रत्येकी पन्नास लिटर पाण्यात निरनिराळ्या लाकडी अथवा प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवावा व दोन्ही द्रावणे ढवळीत तिसऱ्या भांड्यात एकदम ओतावीत. त्यात विळ्याचे स्वच्छ पाते बुडवून पाहावे. त्यावर तांबूस पुट चढल्यास आणखी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. वादळी वाऱ्यापासून बचावासाठी बागेच्या समुद्राकडील कडेस सुरूची दाट रांग असावी. ती वाढण्यास काही वर्षे लागतात, म्हणून ह्या कामी विलंब नको.

हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत चिकूचा समावेश आहे. ह्या योजनेत भरपाई ठरते ती महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदीवरून, बागेतील प्रत्यक्ष नुकसानीवरून नव्हे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट विमा उतरविण्याच्या मुदतीपूर्वीच शेतकऱ्यांस नीट समजावून द्यावी, तसेच आपल्या मंडळातील केंद्र कोठे आहे व ते चालू आहे की नाही, ह्याची पावसाळ्यापूर्वी समक्ष खात्री करून घ्यावी.