मैनेचं कोरडं बेट

छत्तीसगडचा राज्यपक्षी भिलाईत दिसत नाही. तो पाहायचा तर तीनेकशे किलोमीटर दक्षिणेला, जगदलपूरच्या पलीकडे कांगेर खोऱ्यात जावं लागतं. बस्तरच्या या काळ्याभोर पहाडी मैनेला १९३३ साली व्हिसलर आणि किनियर यांनी स्वतंत्र उपजात म्हणून नाव दिलं. बस्तर, लगतचे ओडिशाचे डोंगर आणि आंध्रचा ईशान्य कोपरा एवढाच तिचा मुलूख. तिचे भाऊबंद एकीकडे हिमालयाच्या पायथ्याशी आणि ईशान्येत, दुसरीकडे पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात. घाटातल्या मैनेला तर अनेक पक्षितज्ज्ञ आता वेगळी जातच मानतात. मधे शेतं, गावं, कोरडी रानं. समुद्र नसला तरी उंच झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या, फळांवर जगणाऱ्या पक्ष्यासाठी हे बेटच आहे. या बेटाविषयी दोन विधानं सर्रास केली जातात: एकटी पडली म्हणून मैना वेगळी झाली, आणि एकटी पडली म्हणून ती धोक्यात आहे. दोन्ही खरी आहेत, पण ती दोन निरनिराळ्या एकटेपणांविषयी आहेत, एक जुना आणि एक आजचा, आणि त्यांची गल्लत केली तर उपायही उलटा पडतो.

एकटेपणाचा हिशेब दोन आकड्यांवर चालतो: किती पक्षी आणि किती पिढ्या. प्रत्येक पिढीत आईबापांची काही जनुकरूपं निव्वळ योगायोगानं पुढे जात नाहीत. प्रत्यक्ष प्रजननात भाग घेणारे पक्षी पाचशे असतील तर वैविध्य पिढीगणिक हजारात एक भाग घटतं. पंचवीसच असतील तर शंभरात दोन भाग. नव्या उत्परिवर्तनांनी ही तूट भरून निघते, पण त्याला हजारो पिढ्या लागतात. १९९७ मध्ये रिचर्ड फ्रँकहॅम यांनी बेटांवरच्या प्राणिसमूहांची मुख्य भूमीवरच्या समूहांशी तुलना केली. २०२ पैकी १६५ तुलनांमध्ये बेटांवर वैविध्य कमी आढळलं. सरासरी घट २९ टक्के. म्हणजे बेटानं आधी झीज होते. वेगळेपण येतं ते फार पुढे, आणि तेही समूह तोवर टिकला तर.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे: पक्ष्याला पंख असताना शेताच्या पट्ट्याची काय मातब्बरी? पश्चिम घाटात याची पारख झाली आहे. व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तिथल्या डोंगरमाथ्यांवरच्या २३ जातींच्या ३५६ पक्ष्यांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली. त्यातल्या १० जातींत सर्वांत जुनी फाळणी पालघाटच्या खिंडीपाशी झालेली निघाली. बहुतेक फाळण्या हिमयुगांच्या कालखंडातल्या. उरलेल्या जातींना मात्र दऱ्यांची अडचण झालेली दिसत नाही. तेव्हा आक्षेप अर्धा मान्य करायला हवा. पंख असूनही काही पक्षी दरी ओलांडत नाहीत, काही ओलांडतात, आणि नकाशाकडे बघून ते ठरवता येत नाही. पहाडी मैनेबाबत एक सूचक गोष्ट आसामातल्या अभ्यासातून कळलेली आहे: पंधरा किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या मैनांच्या हाकांमध्ये एकही हाक समान सापडत नाही. हाका शिकलेल्या असतात, जनुकांतून आलेल्या नव्हेत, त्यामुळे हा रक्ताच्या दुराव्याचा पुरावा नाही. पण त्या फार दूरवर मिसळत नसाव्यात, एवढा अंदाज त्यावरून बांधता येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. न्यूझीलंडच्या चॅटम बेटांवरच्या काळ्या रॉबिनचे १९८० मध्ये पाच पक्षी आणि अंडी घालणारी एकच मादी उरली होती. आज ते अडीचशेच्या घरात आहेत. मग वैविध्याची एवढी चिंता कशाला? एक तर, जे समूह असे संपले ते आपल्या उदाहरणांत येतच नाहीत. शिवाय काळ्या रॉबिनचा पुढचा इतिहासही वाचायला हवा. काही माद्या घरट्याच्या काठावर अंडी घालत. कार्यकर्ते ती आत सरकवत; नाहीतर ती वाया जात. ही खोड इतकी पसरली की निम्म्याहून अधिक माद्यांत दिसू लागली. माणसानं हात आखडता घेतल्यावर ती ओसरली. एका मादीपासून वाढलेल्या समूहात असा दोष किती लवकर घर करतो, हे त्यातून दिसतं.

भिलाईकरांना याचा टोकाचा नमुना घराजवळ बघायला मिळतो. मैत्रीबाग प्राणिसंग्रहालयातले पांढरे वाघ काय किंवा जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतले काय, बहुतेकांचं मूळ १९५१ मध्ये रीव्याच्या रानात पकडलेल्या मोहनपाशी पोचतं. १९५८ चे पहिले पांढरे बछडे मोहन आणि त्याच्याच मुलीचे. तिरळेपणासारखे दोष या वंशाला चिकटले. पिंजरा हेही बेटच, फक्त पिढ्या मोजक्या आणि नातं जवळचं. म्हणूनच मैनेची पिंजऱ्यात पैदास करण्याकडे सावधपणे बघायला हवं; जगदलपूरला तसे प्रयत्न झाले, ते फळले नाहीत.

मग ईशान्येतल्या मैना आणून बस्तरमध्ये सोडाव्यात का? जुना दुरावा असा एका पिढीत मिटवणं मला घाईचं वाटतं, निदान आधी दोन्हींची जनुकं तपासल्याशिवाय. तातडीचं काम निराळं आहे. ढोलीची जुनी झाडं तुटणं, पिंजऱ्यासाठी पिल्लं चोरणं, खाणी आणि रस्ते यांनी बस्तरच्या बेटाचे आतल्या आत तुकडे पडण्याचा धोका आहे. भिलाईच्या कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराचे साठे सरत आल्यावर नजर बस्तरच्या उत्तरेकडल्या रावघाटावर गेली, हा त्याच साखळीतला दुवा. कांगेरपासून ओडिशाच्या डोंगरांपर्यंत ढोलीची झाडं सलग राखली तर मैना आपल्या आपण ये-जा करतील. प्रत्येक पिढीत एखाददुसरा पाहुणा मिसळला तरी झीज बरीच रोखली जाते, असं लोकसंख्या-जनुकशास्त्राचं गणित सांगतं.