गंगाखेडचा मुक्काम

परभणीहून दैठणामार्गे येणारी दिंडी गोदावरीचा पूल ओलांडून गंगाखेडात उतरते. गाव नदीच्या दक्षिण तीरावर आहे. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी याच वाटेने पंढरपूरला जाते. तिचा पसारा मोठा आणि शिस्त कडक. लहान दिंड्यांना मात्र मुक्कामाची सगळी जुळवाजुळव स्वतःच करावी लागते.

सामानाचा ट्रक दिंडीच्या पुढे निघतो. राहुटीसाठी उंचवट्याची जागा धरतात, कारण इथली काळी जमीन मृगाच्या एका सरीत लोण्यासारखी मऊ होते. कोरड्या मातीत घट्ट बसलेली मेख पाऊस पडला की सैल होऊन वर येते. म्हणून मेखा लांब घेतात, तिरप्या ठोकतात आणि ताण ओढून झाला की कापडाच्या कडेने वीतभर खोल चर खणतात. चराचे तोंड उताराकडेच हवे. ते चुकले तर पाणी रात्री अंथरुणाखाली येते. चुलीची जागा वाऱ्याच्या आडोशाला, राहुट्यांपासून लांब.

दिंडी पोचली की आधी वीणा आणि पताका नीट ठेवतात, मग पाय मोकळे करतात. गंगाखेडला दक्षिण काशी म्हणतात, तेव्हा गंगास्नान आलेच. नदीला गढूळ पाणी चढले असेल तर घाटाच्या पायरीवर बसून तांब्याने अंघोळ करावी, हे उत्तम. याच घाटांवर दशक्रियेला आणि अस्थिविसर्जनाला लांबून आलेली माणसे असतात. वारकरी त्यांना जागा देऊन बाजूला सरकतात.

स्नानानंतर जनाबाईचे मंदिर. तेराव्या शतकात दमा आणि करुंड यांच्या पोटी जनाबाई इथे जन्मल्या आणि लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी राहिल्या. त्यांच्या नावावरचे सुमारे साडेतीनशे अभंग नामदेवांच्या गाथेत आहेत. दळण, कांडण, शेणी वेचणे, पाणी भरणे या कामांत विठ्ठल हाताशी येतो, असे त्या सांगतात. दिवसभर डोक्यावर तुळस घेऊन चाललेल्या बायका दर्शन घेऊन परततात आणि लगेच परातीत पीठ मळायला बसतात. जनाबाईचे म्हणणे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. दर्शनाला वेळ ठेवायचा असेल तर स्वयंपाकाची पाळी पुरुषांनीही घ्यावी. काही दिंड्यांत ती घेतात, सगळ्यांत घ्यायला हवी.

संध्याकाळी हरिपाठ, पंगत, मग कीर्तन. पहाटे काकडा होताच मेखा उपसतात, त्यांची माती झटकतात, चर बुजवतात आणि चुलीची राख विझवून पसरतात. ओली कनात तशीच घडी केली तर तिला बुरशी धरते, म्हणून ती ट्रकवर सगळ्यात वर, उघडी टाकतात.

पुढची वाट परळीच्या वैजनाथाकडे आणि अंबाजोगाईला जाते; तिथे योगेश्वरी आणि मुकुंदराजांची समाधी. पंढरपुरात पोचल्यावर जनाबाई पुन्हा भेटतात: गोपाळपुरात त्यांचे जाते दाखवतात, आणि आषाढी पौर्णिमेचा काला तिथेच होतो.