जपायची की चालवायची?

माहेरची पैठणी असो नाहीतर सासूबाईंची इरकल, ती कपाटात नुसती ठेवून भागत नाही हे आपल्या घरातल्या बायकांना वेगळे सांगावे लागत नाही. वर्षातून एकदा तरी बाहेर काढून घडी बदलावी लागते, नाहीतर कापड घडीवरच चिरते. पण म्हणून ती नेसून रोज भाजी आणायलाही कुणी जात नाही. जुन्या मोटारीचे नेमके असेच असते. फरक एवढाच, की पैठणीला पेट्रोल लागत नाही आणि तिच्यासाठी आर.टी.ओ.त खेटे घालावे लागत नाहीत.

हे सुचायला कारण माझे सुरतचे मामा. मामा मूळचे बेळगावच्या शहापूरचे. १९७४ साली कापड रंगवण्याच्या कारखान्यात नोकरीला म्हणून सुरतला गेले आणि तिथलेच झाले. मामी धारवाडची. त्यांच्या घरात मराठी, कन्नड आणि गुजराती एकाच ताटात वाढलेली असते. भांडण मात्र कन्नडमध्ये. आणि गेली कित्येक वर्षे या घरातले भांडण एकाच गोष्टीवरून होत आले आहे, ती म्हणजे मामांची एम.जी.

ही १९५१ सालची एम.जी. टीडी. दोनच माणसांची, कापडी टपाची, लांब वळणदार मडगार्डांची आणि पाठीवर स्टेपनी उभी बांधलेली. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात हे मॉडेल १९४९ ते १९५३ या काळात तयार झाले. तीस हजारांच्या आसपास गाड्या बनल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. इंजिन १२५० सीसीचे, ताकद ५४ अश्वशक्ती. म्हणजे आजच्या वॅगनआरलाही याहून जास्त जोर आहे. पण बैठक इतकी जमिनीलगत, की ताशी साठचा वेग शंभरासारखा वाटतो. हल्ली एम.जी. म्हटले की मुलांना हेक्टर आठवते. ती २०१९ पासून गुजरातमध्येच, हलोलला तयार होते. नाव तेच, पण या दोघींचे नाते फार लांबचे.

मामांनी ती १९७९ साली मुंबईतल्या एका वृद्ध पारशी गृहस्थाकडून घेतली. जुन्या विलायती गाडीला तेव्हा भाव नव्हता, उलट घरचे हसले. नंबर मुंबई राज्याच्या काळातला. बेळगाव १९५६ पर्यंत त्याच राज्यात होते आणि सुरत १९६० पर्यंत. मामा म्हणतात, "मी राज्य बदललंच नाही. पाटी बघ ना!"

वीसएक वर्षे त्यांनी ती चालवली. पुढे सुटे भाग मिळेनात, सुरतच्या रस्त्यांवर ट्रक आणि रिक्षांची गर्दी वाढली, आणि मामांच्या मनात भीती बसली, की कुणीतरी मागून ठोकणार आणि गाडी कायमची जाणार. १९९८ मध्ये त्यांनी ती अडाजणच्या घराच्या तळमजल्यावर लाकडी ठोकळ्यांवर चढवली. चाके काढून गोण्यांत बांधली, बॅटरी काढली, टाकीतले पेट्रोल काढून टाकले, आत डांबराच्या गोळ्या ठेवल्या. एखादी वस्तू जपायची म्हटल्यावर माणूस जे जे करील ते सगळे त्यांनी केले. मामी तेव्हाच म्हणाली होती, "गाडी निंत्र केट्ट होगतैती." म्हणजे उभी राहिली की बिघडणार. तिला यंत्रातले काही कळत नाही असे समजून कुणी लक्ष दिले नाही.

मग २००६ चा ऑगस्ट आला. वरच्या बाजूला सुमारे शंभर किलोमीटरवरच्या उकाई धरणातून तापीत नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी आले आणि ७ तारखेपासून तीन-चार दिवस सुरतचा बहुतेक भाग पाण्याखाली होता. सुरतला पूर नवा नव्हता. १९६८ ला आला होता, १९९८ लाही. पण हा वेगळा होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, पंचगंगा, घटप्रभा या नद्यांनी आपल्या भागात जे केले ते ज्यांनी पाहिले त्यांना जास्त सांगायला नको. पाणी चढू लागले तेव्हा शेजाऱ्यांनी आपापल्या गाड्या पुलावर आणि उंच रस्त्यांवर नेऊन लावल्या. मामांचा मुलगाही घरची मारुती घेऊन गेला. एम.जी. मात्र ठोकळ्यांवर, बिनचाकाची. बॅटरी माळ्यावर, पेट्रोल नाही. तिला हलवणार कशी? पाणी बॉनेटच्या वर गेले आणि तिथेच राहिले. मामा पहिल्या मजल्यावरच्या जिन्यात बसून ते बघत होते. मामी सांगते, त्या तीन दिवसांत ते एक शब्दही बोलले नाहीत.

हेही खरे, की त्या पुरात चालत्या गाड्याही पुष्कळ बुडाल्या. चालती असती तर वाचलीच असती असे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तिला वाचवण्याचा निदान प्रयत्न तरी करता आला असता.

पाणी उतरल्यावर आत वीतभर गाळ होता. लोखंडाचे नुकसान दिसत होते, खरे नुकसान दिसत नव्हते. या गाडीचा पत्रा लाकडी सांगाड्यावर बसवलेला असतो. ॲश नावाचे विलायती लाकूड, लवचिक आणि चिवट. तीन दिवस भिजून ते फुगले आणि वाळताना तडकले. दरवाजे लागेनात. मामांनी शेवटी डांगच्या सागवानाचा सांगाडा करून घेतला. सुताराने आयुष्यात मोटार केली नव्हती, पण देव्हारे आणि झोपाळे पुष्कळ केले होते. त्याने जुना एकेक तुकडा समोर ठेवून नवा तासला. इंजिनात पिस्टन सिलिंडरला चिकटले होते. काही भाग इंग्लंडहून मागवले, काही सुरतच्याच लेथवर झाले. २००९ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली. मी तेव्हा गेले होते. सागवान जड, त्यामुळे गाडी थोडी बसल्यासारखी वाटते, आणि दार लावताना कपाटाचा आवाज येतो.

या दुरुस्तीत मामा स्वतःच अर्धे फिटर झाले. उभी गाडी नेमकी कशाने मरते हे त्यांनी मला एका दुपारी सगळे दाखवले. ब्रेकचे तेल हवेतले बाष्प ओढून घेते, आणि चाकातल्या सिलिंडरला आतून गंज धरतो. रबरी वॉशर सुकतात आणि चिरतात. कार्बोरेटरमध्ये राहिलेल्या पेट्रोलचा डिंक होतो. क्लचची प्लेट चिकटते. टायर एकाच जागी दाबून चपटे पडतात. वायरी उंदीर खातात. आणि ज्याला आपण काळजी समजतो, म्हणजे दर रविवारी पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करायचे, ते तर सगळ्यात वाईट. इंजिन पेटले की धुरातून पाण्याची वाफ निघते. सायलेन्सर नीट तापला नाही तर ते पाणी आतच राहते आणि तो आतून सडतो. ऑइलचेही तेच. चालू करायची तर वीस-पंचवीस किलोमीटर चालवायची, नाहीतर हातच लावायचा नाही.

वीस-पंचवीस किलोमीटर म्हणजे सुरतमध्ये डुमस. रविवारी पहाटे, ट्रक जागे व्हायच्या आत, समुद्रापर्यंत जायचे आणि गरम भजी खाऊन परत यायचे. मात्र किनाऱ्याची हवा खारट. आल्या आल्या खालून पाणी मारून गाडी धुवावी लागते, वाळूत तर न्यायचीच नाही.

आता पेट्रोलचाही प्रश्न झाला आहे. २०२५ पासून देशभर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते पाणी ओढते, आणि सत्तर वर्षांपूर्वीच्या रबराला आणि बुचाच्या वॉशरांना मानवत नाही. मामांनी सगळ्या नळ्या बदलून घेतल्या. मी म्हटले, "मामा, हे इथेनॉल आमच्याकडच्या उसाचंच असणार." बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात किती साखर कारखाने ते काढतात! तक्रार करायची तर घरच्यांचीच करावी लागेल.

दुसरी बाजू माझी मामेबहीण मांडते, आणि ती कच्ची नाही. तिचे म्हणणे असे : प्रत्येक फेरीला गियर झिजतो, ब्रेक झिजतो, आणि हे भाग पुन्हा जन्माला येणार नाहीत. त्या गाडीवर अजून काही ठिकाणी १९५१ चा मूळ रंग आहे. एक दगड उडाला की तो गेला. मुंबईतल्या त्या पारशी गृहस्थाच्या अंगठीने डॅशबोर्डवर पडलेला ओरखडासुद्धा तिला जपायचा आहे. तिला वाटते गाडी संग्रहालयात द्यावी. अहमदाबादजवळ कठवाडा येथे प्राणलाल भोगीलाल यांच्या संग्रहात शंभरावर जुन्या गाड्या आहेत. तशा ठिकाणी ती निदान सुरक्षित राहील. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची १९३५ ची ड्युसेनबर्ग अमेरिकेत गेली ती गेलीच, आपल्याला ती चित्रातच बघावी लागते. घरातल्या भांडणात किंवा वाटणीत गाडी विकली जाण्यापेक्षा संग्रहालय बरे, हे तिचे म्हणणे मला पटते. पण तिथे ती चालणार नाही, आणि मामांच्या दृष्टीने न चालणे म्हणजे काय ते २००६ मध्ये ठरून गेले आहे.

या वादात कायद्यानेही उडी घेतली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नवे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या वेळी ५ हजार. जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदवली तर ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. पण अट अशी, की ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच. म्हणजे डुमसची भजी बाद! शिवाय चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. मग डांगच्या सागवानाचे काय? तपासणी समितीने विचारले तर मामा काय सांगणार, की मूळ लाकूड तापीने नेले?

साधी नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घेतली तर वाटेल तेव्हा चालवता येते, पण ते महाग. एप्रिल २०२२ पासून परदेशी बनावटीच्या जुन्या मोटारीला त्यासाठी ४० हजार रुपये पडू लागले, आणि वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते ८० हजार झाले. ‘जपायची’ म्हटले तर स्वस्त, ‘चालवायची’ म्हटले तर भुर्दंड. जगातल्या जुन्या गाड्यांच्या संघटनेने २०१२ साली ट्युरिनला जी सनद केली, तिच्यात देखभाल, जतन आणि दुरुस्तीच्या जोडीला ‘वापर’ हाही शब्द आहे. आपले नियम करणाऱ्यांनी तो वाचला असता तर बरे झाले असते.

आपल्याकडे हे लोकांना न सांगता कळते. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक बघा. राजाराम महाराजांच्या काळात जर्मनीहून आलेली ही गाडी दसऱ्याला दसरा चौकात येते, आणि सीमोल्लंघनाइतकीच तिलाही बघायला गर्दी होते. ती काचेमागे राहिली असती तर निपाणी-कागलच्या पोरांना तिचे नावही ठाऊक नसते. वर्षातले बाकीचे दिवस ती जपली जाते ती त्या एका दिवसासाठी. खंडेनवमीला मामी एम.जी.समोर कुंबळकाई फोडते आणि चाकाखाली लिंबू ठेवते. चाकच नसते तर लिंबू ठेवायचे कुठे?

२०२४ मध्ये नोंदणीची मुदत संपत आली तेव्हा घरात दोन रविवार बैठक झाली. मामा पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर. मामेभाऊ म्हणाला, साधीच नोंदणी करू, पैसे मी भरतो. बहिणीने अटी घातल्या : पावसाळ्यात बाहेर काढायची नाही, रात्री चालवायची नाही, मूळ रंगाला पॉलिश लावायचे नाही, आणि मामांनंतर विकायची नाही, द्यायचीच झाली तर संग्रहालयाला. हे सगळे मामांनी आपल्या हाताने वहीत लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. मग पालच्या आर.टी.ओ.त ४० हजार भरले आणि तपासणीला गाडी स्वतः चालवत नेली. तिथल्या रांगेतल्या रिक्षावाल्यांनी तिच्यासोबत फोटो काढून घेतले.

जून लागला की एम.जी. आता नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये जाते. टाकी रिकामी करतात, टायरांत हवा थोडी जास्त भरतात, दर पंधरवड्याला हातभर पुढे ढकलतात. चाके मात्र काढत नाहीत.