निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नव्हे

निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली नाकरा खटल्यात बजावले. तो निकाल सरकारी सेवकांविषयी असला, तरी शिरोलीच्या फौंड्रीत वा इचलकरंजीच्या मागावर उभी हयात घालविणाऱ्याला हे तत्त्व का लागू पडू नये?

१९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने मालकावर वर्गणीची सक्ती केली. १९९५ साली तीतून निवृत्तिवेतनाची योजना उभी राहिली. मालकाच्या वर्गणीतून वेतनाच्या ८.३३ टक्के इतका भाग तिच्याकडे जातो. २०१४ साली किमान निवृत्तिवेतन दरमहा १,००० रुपये ठरले. रक्कम तुटपुंजी खरीच. पण तीही अनेकांच्या वाट्याला येत नाही.

मेख आहे ती वीस कामगारांच्या अटीत. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली. एकाच शेडमधील माग चार नावांवर दाखविले, की कागदोपत्री कोणाकडेच वीस कामगार भरत नाहीत. दहा वर्षांच्या सेवेवाचून निवृत्तिवेतन नाही, आणि हजेरीपटावर नाव नसेल तर सेवा सिद्ध होत नाही.

म्हणूनच तपासणी फलकांची नव्हे, शेडमधील माणसांची व्हावी. निवृत्तिवेतन हे मालकाचे औदार्य नसून कामगाराचे लांबणीवर टाकलेले वेतनच होय.