कुत्र्याचा लळा, जंतांचा विळखा

कुत्रा चावला की रेबीजच्या भीतीने दवाखाना गाठला जातो. ही जागरूकता आवश्यकच आहे. मात्र, कधीही न चावणाऱ्या, मुलांच्या अंगाखांद्यावर खेळणाऱ्या घरातल्या कुत्र्याकडूनही काही आजार माणसापर्यंत पोहोचतात, याची जाणीव फार थोड्या कुटुंबांत असते. हे आजार कुत्र्याच्या आतड्यांतील जंतांमुळे होतात. त्यांची लागण चाव्यातून नव्हे, तर माती, हात आणि तोंड अशा साध्या मार्गाने होते. लक्षणे दिसेपर्यंत महिने, कधी कधी तर वर्षे उलटलेली असतात. दिलासा एवढाच, की या जंतांचे जीवनचक्र शास्त्राला नेमके ठाऊक आहे आणि ते कोठे तोडावे, हेही ठाऊक आहे.

पिल्लू जन्मतःच बाधित

या जंतांपैकी सर्वाधिक आढळणारा म्हणजे ‘टॉक्सोकॅरा कॅनिस’ हा गोलकृमी. कुत्रीच्या शरीरात त्याच्या अळ्या सुप्तावस्थेत दडून राहतात. ती गाभण राहिली की त्या जाग्या होतात आणि गर्भातील पिलांच्या शरीरात शिरतात. पुढे आईच्या दुधातूनही त्या पिलांना मिळतात. त्यामुळे नुकतेच घरी आणलेले गुबगुबीत पिल्लू वरवर निरोगी दिसले, तरी त्याच्या पोटात जंत असण्याची शक्यता मोठी असते.

या जंताची एक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते. ती विष्ठेवाटे बाहेर पडतात. मात्र, बाहेर पडताक्षणी ती संसर्गक्षम नसतात. मातीत साधारण दोन ते चार आठवडे काढल्यावर त्यांच्यात अळी तयार होते. त्यानंतर ही अंडी महिनोन् महिने टिकून राहतात. विष्ठा केव्हाच दिसेनाशी झालेली असते. अंडी मात्र बागेतल्या मातीत आणि मुलांच्या खेळण्याच्या वाळूत शिल्लक राहतात. मातीत खेळणारे आणि तेच हात तोंडात घालणारे लहान मूल त्यांचे सहज भक्ष्य ठरते.

माणसाच्या शरीरात या अळीचा पूर्ण जंत होत नाही. ती यकृत, फुप्फुसे अशी भटकत राहते. ताप, खोकला, यकृताला सूज अशी लक्षणे काहींत दिसतात. अनेकांत काहीच दिसत नाही. अळी डोळ्यात पोहोचली, तर मात्र दृष्टीला धोका निर्माण होतो. दृष्टिपटलाच्या कर्करोगासारख्या विकारांच्या संशयाने शस्त्रक्रिया करून काढलेले ४६ डोळे अमेरिकेतील संशोधक हेलेनोर वाइल्डर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांपैकी २४ डोळ्यांत त्यांना कृमीच्या संसर्गाच्या खुणा आढळल्या. हे निष्कर्ष १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. आज निदानाची साधने सुधारली आहेत. परंतु एका डोळ्याची दृष्टी मंदावल्याचे लहान मूल स्वतःहून सांगत नाही, ही अडचण कायम आहे.

यकृतातील पाण्याची गाठ

दुसरा जंत आकाराने लहान, पण परिणामाने अधिक गंभीर. ‘एकिनोकॉकस’ हा पट्टकृमी जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा असतो. त्याच्या गाठी शेळ्या, मेंढ्या, गाई-म्हशींच्या यकृतात व फुप्फुसांत वाढतात. अशी कच्ची कलेजी किंवा फोपसे कुत्र्याने खाल्ले, की त्याच्या आतड्यांत हा जंत वाढू लागतो. मटणाच्या दुकानाबाहेर कुत्र्यांपुढे टाकले जाणारे टाकाऊ अवयव ही या साखळीतील महत्त्वाची कडी आहे.

या जंताची अंडी गोलकृमीप्रमाणे आठवडे घेत नाहीत. बाहेर पडतानाच ती संसर्गक्षम असतात आणि कुत्र्याच्या केसांनाही चिकटू शकतात. ती पोटात गेल्यास माणसाच्या यकृतात, कधी फुप्फुसांत, पाण्याने भरलेली गाठ तयार होते. यालाच ‘हायडॅटिड’ म्हणतात. ही गाठ वर्षानुवर्षे निमूटपणे वाढते आणि पुष्कळदा अन्य कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीतच तिचा पत्ता लागतो. ती फुटल्यास जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. म्हणूनच तिच्यावरील उपचार काळजीपूर्वक आणि दीर्घकाळ करावे लागतात.

हा आजार रोखता येतो, याचा दाखला आइसलँडने घालून दिला. १८६३ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ हाराल्ड क्राबे तेथे गेले, तेव्हा तपासलेल्या कुत्र्यांपैकी २८ टक्के कुत्र्यांत त्यांना हा जंत आढळला. त्यानंतर लोकांना सोप्या भाषेत माहिती देण्यात आली. बाधित अवयव कुत्र्यांच्या तोंडी लागू न देण्याचे आणि कुत्र्यांवर उपचार करण्याचे नियम करण्यात आले. आजच्यासारखी प्रभावी औषधे हाती नसतानाही विसाव्या शतकात हा आजार तेथून हद्दपार झाला.

अनवाणी पायांना धोका

अंकुशकृमीला तोंडाचीही गरज लागत नाही. दूषित ओल्या मातीतील किंवा वाळूतील त्याची अळी थेट त्वचेत शिरते. पायावर नागमोडी, लालसर रेघ उमटते आणि असह्य खाज सुटते. बहुधा हा त्रास त्वचेपुरताच राहतो. मात्र, आशियात आढळणारी ‘अँकिलोस्टोमा सिलॅनिकम’ ही कुत्र्या-मांजरांतील जात माणसाच्या आतड्यांतही पूर्ण वाढते आणि रक्त शोषते.

काळजी कोणती घ्यावी?

पिल्लाला वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला, आठ आठवड्यांचे होईपर्यंत जंतनाशक द्यावे. त्याच्या आईवरही उपचार करावेत. त्यापुढील वेळापत्रक पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. गोलकृमीवरील प्रत्येक औषध पट्टकृमीवर चालतेच असे नाही. ‘प्राझिक्वांटेल’ हे पट्टकृमीवरील औषध त्यात आहे का, हे विचारून घ्यावे. विष्ठा त्याच दिवशी उचलावी, म्हणजे गोलकृमीच्या अंड्यांना मातीत वाढण्यास अवधीच मिळत नाही. कच्चे अवयव कुत्र्याला घालू नयेत. घालायचेच तर उकळून शिजवून घालावेत. कुत्र्याशी खेळल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय मुलांना लावावी. मातीत वा ओल्या वाळूत अनवाणी फिरणे टाळावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. टॉक्सोकॅरा आणि हायडॅटिड माणसाच्या शौचतपासणीत सापडत नाहीत. त्यांसाठी रक्ततपासणी, सोनोग्राफी यांचा आधार घ्यावा लागतो. शाळेत दिली जाणारी जंतनाशक गोळीही आतड्यांतील जंतांसाठी असते; या आजारांवर तिची एक मात्रा पुरत नाही. म्हणून मुलाचा ताप रेंगाळला किंवा दृष्टीविषयी शंका आली, तर घरात कुत्रा असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

यासाठी घरातील कुत्रा बाहेर काढण्याची गरज नाही. त्याच्या लसीकरणाची तारीख जशी लक्षात ठेवली जाते, तशीच जंतांच्या औषधाची तारीखही ठेवली, तर कुत्रा आणि मूल दोघेही सुरक्षित राहू शकतात.