थंडींत इंजिन उशिरा कां सुरू होतें?

विहिरीवरील डिझेल इंजिन सायंकाळीं बिनतक्रार चालतें, परंतु थंडीच्या सकाळीं हँडल मारून हात भरून आले तरी सुरू होत नाहीं, असा अनुभव पुष्कळ शेतकरी बंधूंस येतो. मग नोझल बदललें जातें, पैसा खर्च होतो आणि दोष मात्र तसाच राहतो.

१८९७ सालीं जर्मनींत रुडॉल्फ डिझेल यांनीं यशस्वी करून दाखविलेल्या या इंजिनास ठिणगी लागत नाहीं. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच तेल पेटतें. थंडीनें तें कठीण होतें हें खरें. तथापि मूळची उंचावरील टाकी काढून खालीं मोठें पिंप ठेवलें असेल व तेल लहान पंपानें ओढलें जात असेल, तर प्रथम संशय नळीचा घ्यावा. सैल जोडांतून हवा शिरते आणि रात्रींतून तेल मागें उतरतें. हवा दबते, म्हणून नोझलपाशीं पुरेसा दाब येत नाहीं.

हँडल मारतांना पांढरा धूर निघाला, तर तेल पोंचत आहे. दोष नोझल, व्हॉल्व्ह किंवा रिंगा यांत शोधावा. धूर मुळींच नसेल, तर फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल करून पंपाची कळ हातानें चालवावी. बुडबुडे थांबतच नसतील, तर हवा आंत शिरत आहे.

खात्रीसाठीं एक रात्र स्वच्छ डबा इंजिनाहून उंच टांगून नव्या नळीनें तेल द्यावें. सकाळीं इंजिन लगेच सुरू झालें, तर वायसर, क्लिपा व जुनी नळी एवढेंच बदलावें. नोझल उघडण्यापूर्वीं ही परीक्षा अवश्य करावी. पैसा वांचेल व पाण्याची पाळीही चुकणार नाहीं.